३८ अंशांचं ऊन ४४पेक्षा जास्त का लागतं?

होळी झाली की या सदराच्या टपालात उन्हाचे प्रश्न येऊ लागतात आणि पाठोपाठ वणव्याचे. या वेळी दोन्ही एकत्र घेतले आहेत. सोयीसाठी नाही, उत्तरं लिहायला बसल्यावर दोन्हींकडे हवेतल्या ओलाव्याचाच हिशोब निघाला, म्हणून.

प्रश्न : माझं बालपण ब्रह्मपुरीत गेलं. ४४-४५ अंशांत आम्ही पोरं चिंचेखाली विटीदांडू खेळायचो. आता पनवेलला राहतो. इथे पारा ३६ला पोचला तरी जीव कासावीस होतो. वय झालं म्हणायचं, की हवा वेगळी?

उत्तर : वयाचा वाटा थोडा असेलच, पण मोठा दोष हवेचा. शरीराला उष्णता बाहेर टाकायचे मार्ग मोजकेच आहेत. आजूबाजूची हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर उष्णता आपोआप निघून जाते. त्वचा साधारण ३५ अंशांची. हवा त्याहून तापली की तो मार्ग बंद होतो, उलट हवाच अंग तापवू लागते. मग उरतो घाम. तो नुसता येऊन भागत नाही, वाळावा लागतो. एक लिटर घाम अंगावर वाळला तर जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. तोच लिटर पाठीवरून ओघळून खाली पडला तर नुसतं पाणी गेलं, उष्णता तिथेच.

ब्रह्मपुरीच्या घरी माठातलं पाणी मे महिन्यात कसं गार व्हायचं आठवा, आणि पनवेलला माठ आणून बघा. इथे तो बिचारा बाहेरून ओला राहतो आणि आत पाणी कोमट. तुमचं अंगही त्या माठासारखंच. तापमापीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून मोजलं तर ही गोष्ट आकड्यात पकडता येते. त्या आकड्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. ४४ अंशांची हवा आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याची तापमापी जेमतेम २३ दाखवते. ३६ अंशांची हवा आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर ३०. आता बोला, कोणती दुपार वाईट?

हा आकडा ३५ला पोचला तर सावलीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावेल, असं गणित २०१०मध्ये मांडलं गेलं. पुढे अमेरिकेत तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले, तेव्हा हलकी हालचाल करतानाही शरीराचा तोल त्याच्या बराच आधी, दमट हवेत ३०-३१च्या आसपासच सुटू लागतो असं दिसलं. म्हणजे तुमची पनवेलची ती दुपार.

तुमच्या शेजारचंच उदाहरण आहे. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या उघड्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं सकाळपासून उन्हात बसून होती. पारा ३८च्या आसपास. उष्माघाताने १४ जण गेले. ३८ अंश हा आकडा ब्रह्मपुरीत कुणी बातमीतसुद्धा घेणार नाही.

हवामान खातं मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करतं ते पारा किमान ४० आणि नेहमीपेक्षा निदान साडेचार अंश जास्त असेल तेव्हा. किनारपट्टीसाठी हाच उंबरठा ३७चा. पारा ४५ला टेकला तर नेहमीचा आकडा न बघताही लाट मानतात. ‘उष्ण आणि दमट’ असा निराळा इशाराही खातं देतं. आपण मात्र पारा तेवढा वाचतो, आर्द्रतेच्या रकान्याकडे बघतसुद्धा नाही. कोकणात राहणाऱ्याने आधी तो रकाना बघावा.

याचा अर्थ विदर्भाचं ऊन सौम्य असा मात्र घेऊ नका. तिथे घाम येतो तेवढा लगेच उडून जातो, म्हणून तो गेल्याचं कळत नाही. कपडे कोरडे आणि अंगातलं पाणी संपत आलेलं. पनवेलला माणूस घामाने निथळत असतो, निदान सावध तरी होतो.

प्रश्न : खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असं आमच्या भुसावळकडे सगळे मानतात. खरं काय?

उत्तर : खिशातला कांदा खिशाला वास आणतो. भाकरीबरोबर फोडून खाल्लात तर थोडं पाणी तरी पोटात जाईल. कांदा ठेवायला माझी काही हरकत नाही. मात्र त्याच्या भरवशावर डोक्याचा रुमाल आणि पाण्याची बाटली घरी ठेवून निघणारे मी पाहिले आहेत, तिथे हरकत आहे. आजीच्या औषधांतलं कैरीचं पन्हं मात्र खरोखर कामाचं. पाणी, मीठ, साखर तिन्ही त्यात आहेत. तेवढी कैरी हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा घ्या, आणि मीठ डोळ्यांच्या अंदाजाने नको.

प्रश्न : रस्त्याच्या कामावर मुकादम आहे. गेल्या वर्षी एक मजूर बोलता बोलता बरळायला लागला आणि खाली बसला. त्याला घाम येत होता म्हणून आम्ही म्हटलं, उष्माघात नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर रागावले. आमचं काय चुकलं?

उत्तर : घाम बघून ठरवलंत, ते चुकलं. कातडी कोरडी पडली तरच उष्माघात, हे सगळीकडे ऐकू येतं, आणि ते अर्धंच खरं आहे. घरात पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसाची कातडी कोरडी सापडते. उन्हात राबणाऱ्या तरुणाचं अंग मात्र घामाने भिजलेलं असतानाही आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं. बघायचं ते डोकं. गडी भलतंच बोलतोय, नाव विचारलं तर गोंधळतोय, चिडतोय, पाय लटपटतायत, फिट आली, शुद्ध गेली. उन्हात काम करणाऱ्याच्या बाबतीत यातलं एक जरी दिसलं तरी उष्माघात धरूनच चालायचं.

पुढची गोष्ट लोकांना उलटी वाटते. आधी थंड करा, मग न्या. एकाने १०८ला फोन लावायचा, बाकीच्यांनी त्याच वेळी अंगावर पाणी ओतायला लागायचं. गाडी येईपर्यंत नुसतं सावलीत झोपवून वारा घालत बसलात तर ती वीस-पंचवीस मिनिटं मेंदू, यकृत आणि मूत्रपिंड तापत राहतात. पहिल्या अर्ध्या तासात ताप उतरला तर माणूस बहुधा सुखरूप परत येतो. पाण्याची टाकी, ड्रम, टब काहीही असेल तर डोकं वर धरून त्यात गळ्यापर्यंत बुडवा. यापेक्षा लवकर थंड करणारा उपाय नाही. ते जमत नसेल तर कपडे सैल करून किंवा काढून टँकरचा पाइप अंगावर सोडा आणि जोरात वारा घाला. कुल्फीवाल्याकडून बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघांत ठेवा. बरळणाऱ्याला किंवा बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका, ते श्वासनळीत जातं. तापाची गोळीही देऊ नका. हा ताप जंतूंचा नाही, गोळी त्याला उतरवत नाही.

आता मुकादम म्हणून तुमच्या हातात असलेली गोष्ट. उन्हाला शरीर सरावतं, पण त्याला एक ते दोन आठवडे लागतात. सरावलेल्याला घाम लवकर आणि जास्त येतो, त्यातून मीठ कमी जातं. गावाहून काल आलेला गडी पंचविशीतला, पहिलवान दिसत असला तरी सरावलेला नसतो. उन्हात कामावर दगावणाऱ्यांत पहिल्या काही दिवसांतले नवखे फार असतात. नव्याला पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा काम द्या, रोज तेवढंच वाढवा. हजेरी पूर्ण लावा, नाहीतर तो स्वतःच ऐकणार नाही. लग्नाला गावी जाऊन पंधरा दिवसांनी परतलेला जुना गडीही पुन्हा नवखाच धरायचा. आणि जोडीने काम द्या. ज्याला ऊन लागतं त्याला स्वतःला ते कळत नाही, शेजारच्याला कळतं.

प्रश्न : आई ७८ वर्षांची, अकोल्याला पत्र्याच्या घरात एकटी राहते. ती उन्हात बाहेर जातच नाही, मग काळजीचं कारण नाही ना?

उत्तर : आहे. घरात बसून राहिलेली, एकटी, वयस्कर माणसं उष्णतेच्या लाटेत जास्त दगावतात, आणि ही माणसं गर्दीत पडत नाहीत म्हणून त्यांची बातमी होत नाही. अहमदाबादेत मे २०१०मध्ये पारा ४६.८ला गेला होता. त्या महिन्यातल्या मृत्यूंची आकडेवारी नंतर आधीच्या वर्षांशी ताडून पाहिली तेव्हा १,३००हून जास्त मृत्यू ज्यादा निघाले. त्यातून २०१३मध्ये तिथला उष्णता कृती आराखडा तयार झाला, आणि नागपूरसह अनेक शहरांनी नंतर तसाच आराखडा उचलला.

वयाबरोबर तहान बोथट होते. ‘तहान लागली की पिते’ या आईच्या उत्तरावर विसंबू नका. लघवी वाढवणाऱ्या, रक्तदाबाच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यात मात्रा बदलायची का, हे मार्चमध्येच डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका.

अकोल्याची हवा कोरडी, म्हणून कूलर उत्तम चालतो. मात्र समोरची खिडकी उघडी हवी. दारं-खिडक्या गच्च लावून कूलर लावणारी घरं मी पुष्कळ पाहतो. तासाभरात खोलीत कोकण होतं. नुसता पंखा पारा चाळिशीपार गेल्यावर कोरड्या अंगावर गरम हवाच मारतो. अंगावर ओलं फडकं घेतलं तर तोच पंखा उपयोगी. पत्र्यावर चुन्याचा जाड पांढरा हात मारून घ्या, खर्च थोडा आणि फरक लगेच जाणवतो. सगळ्यात महत्त्वाची रात्र. दिवसभर तापलेल्या शरीराला सावरायला रात्रीचा गारवा लागतो, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या तापत्या नऊ दिवसांत, तो मिळत नाही. तुम्ही लांब असाल तर शेजारच्यांना सांगून ठेवा: दिवसातून दोनदा, एकदा दुपारी चारच्या सुमारास, आत जाऊन बघायचं. फोनवर आई ‘बरी आहे’ असंच सांगणार.

प्रश्न : २०२४मध्ये नागपूरला ५६ अंश तापमान गेल्याची बातमी मोबाइलवर आली होती. खरी होती का?

उत्तर : नाही. एका स्वयंचलित केंद्रातला संवेदक बिघडला होता. हवामान खात्याने तसं लगेच स्पष्ट केलं. दिल्लीच्या मुंगेशपूरचा त्याच आठवड्यातला ५२.९चा आकडाही तपासणीनंतर जवळजवळ तीन अंशांनी फुगलेला निघाला. देशातला नोंदलेला उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६चा, ५१ अंश. आणखी एक गोष्ट: खात्याची तापमापी जाळीदार पांढऱ्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर असते. तुम्ही ज्या डांबरावर उभे आहात तिथे ऊन त्याहून कितीतरी जास्त असतं, पण तो आकडा हवेचा नसतो.

प्रश्न : आमच्या गोव्यात जंगलं बारमाही हिरवी. मग मार्च २०२३मध्ये म्हादई अभयारण्यात एवढे वणवे कसे पेटले? लोक म्हणाले, कुणीतरी लावले.

उत्तर : लावले असतील किंवा हलगर्जीपणाने लागले असतील, आपल्याकडच्या वणव्यांमागे बहुतेक वेळा माणूसच असतो. पण काडी दरवर्षी कुणीतरी टाकतंच. त्या वर्षी ती इतकी का पसरली, हा खरा प्रश्न. नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाण्याच्या बादल्या लटकवून आणावी लागली, इतकी.

२०२३चा फेब्रुवारी हा १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात उष्ण फेब्रुवारी ठरला होता. मार्चच्या सुरुवातीला कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पूर्वेकडून, जमिनीवरून वारा येत राहतो, आणि अकरा-बाराला येणारा समुद्रावरचा गार वारा अशा वेळी उशिरा येतो किंवा येतच नाही. किनाऱ्यावर मार्चमध्ये उष्णतेची लाट येते ती याच वाऱ्याने. हाच वारा कोरडा असतो. जमिनीवरची वाळकी पानं आणि गवत हवेतला ओलावा तासा-दोन तासांत घेतात किंवा सोडून देतात. झाड हिरवं दिसतं, पण त्याच्या पायाशी पडलेला पाचोळा दुपारपर्यंत खडखडीत झालेला असतो.

म्हणजे पहिल्या उत्तरातला ओलावा इथे उलट बाजूने काम करतो. दमट हवा माणसाचा घाम अडवते, पण पाचोळा पेटू देत नाही. कोरडी हवा घाम वाळवून माणसाला तारते, आणि रान पेटवते. ज्या दिवशी गोव्यात पारा ३७च्या वर, आर्द्रता एकदम उतरलेली आणि वारा पूर्वेचा, त्या दिवशी काजूच्या बागेतला पाचोळा जाळायचा विचार मनातही आणू नका.

प्रश्न : आम्ही पुण्यातले ट्रेकर. मार्च-एप्रिलमध्ये सह्याद्रीत जाताना वणवा दिसला तर काय करावं?

उत्तर : आधी एक घटना. तामिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ला ट्रेकर्सचे दोन गट वणव्यात सापडले. २३ जण गेले. बरेचसे तुमच्यासारखेच, शहरातले, तंदुरुस्त. भोवती वाळलेलं गवत आणि उतार. आपल्या सह्याद्रीतही मार्चमध्ये हेच दोन असतात.

आग चढावर पळते. ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात, ते आधीच तापवून वाळवतात, आणि मग ते पेटायला ठिणगीचीही वाट बघत नाही. उतार दर १० अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो. ३० अंशांच्या उतारावर सपाटीच्या आठपट. गडाच्या वाटेवर ३० अंश ही काही विशेष गोष्ट नाही. खाली धूर दिसला की माथ्याकडे पळायची ऊर्मी येते, आणि त्या शर्यतीत माणूस हरतो. घळीतून किंवा नाळेतून तर मुळीच चढू नका, धुराड्यातला वारा तिथून वर येतो.

आडवं चला. डोंगराच्या अंगाने, आगीच्या तोंडापासून बाजूला आणि जमेल तसं खाली. कातळ, नांगरलेलं शेत, रुंद रस्ता, पाण्याचं टाकं गाठायचं. जळून काळी पडलेली जागा दिसली तर ती सगळ्यात भरवशाची, कारण तिथे जळायला काही उरलेलं नाही; फक्त धुमसते ओंडके आणि पेटलेली उभी झाडं टाळा. आग गाठतेच आहे असं झालं तर उघड्या मातीवर किंवा खळग्यात पालथं पडा, तोंड जमिनीकडे, अंगावर सुती कापड. पॉलिस्टरचे टी-शर्ट वितळून कातडीला चिकटतात. मार्चच्या ट्रेकला ते घालूच नका, उन्हासाठीही सुतीच बरे.

आणि आगीवर चालून जाऊ नका. गुडघ्याएवढी ज्वाळा ओल्या फांद्यांनी मारता येते, पण हे काम ज्यांनी केलं आहे त्यांचं. तुम्ही वन विभागाच्या १९२६ क्रमांकाला किंवा ११२ला फोन करा. गडाचं नाव सांगून थांबू नका. कोणत्या गावच्या बाजूला आणि वारा कुठून, हेही सांगा. सगळ्यात सोपी गोष्ट, निघण्याआधी पायथ्याच्या गावात विचारायची: या आठवड्यात कुठे जाळ लावलाय का? गावाला ते ठाऊक असतं.

प्रश्न : गडचिरोली जिल्ह्यात शिक्षक आहे. मोहफुलांच्या दिवसांत दरवर्षी रान जळतं. लोकांना दोष द्यायचा, तर त्यांचं पोटही त्यावरच. काय करावं?

उत्तर : दोष देण्यापेक्षा हिशोब मांडलेला बरा. मोहफुलं पहाटे गळतात. खाली पाचोळा असेल तर एकेक फूल वेचताना सकाळ निघून जाते, म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. जाळतात आदल्या संध्याकाळी. विझला असं समजून घरी जातात आणि रात्री वारा सुटतो. तेंदूला नवी कोवळी पालवी यावी म्हणूनही आग लावली जाते. काही ठिकाणी गुरांसाठी नवं गवत यावं म्हणून. पहिल्या दोन कारणांना आगीशिवायचा उपाय आहे. मोहाखाली जुनी लुगडी किंवा नेट पसरली तर फुलं स्वच्छ मिळतात, माती-राख न लागलेली, त्यांना भाव बरा येतो. तेंदूची झुडपं छाटली तरी पालवी फुटते.

जळण्याने काय जातं तेही मुलांना दाखवता येईल. सागाची मोठी झाडं अशा जमिनीवरच्या आगीतून बहुतेक वाचतात, म्हणून पावसानंतर रान पुन्हा हिरवं दिसतं आणि ‘काही बिघडत नाही’ असं वाटतं. बिघडतं ते खाली. रोपं, बी, रातव्यासारख्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची पिढी, मातीचा वरचा थर. दरवर्षी जळणाऱ्या रानात मोठी झाडं असतात, मधल्या वयाची सापडत नाहीत. शाळेमागच्या रानात मुलांना मोजायला लावा.

तुमच्या जिल्ह्यात सामूहिक वनहक्काचं बळ आहे. मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये तो हक्क मिळाला आणि बांबूची विक्री गावाच्या हातात आली. जिथे बांबू आणि तेंदू ग्रामसभेच्या खात्यावर पैसा आणतो तिथे आग ही गावाच्या तिजोरीला लागलेली आग असते. तिथे पहारा आपणहून बसतो. राखीव जंगलात आग लावणं १९२७च्या वन कायद्याच्या कलम २६ने गुन्हा आहे, पण नुसत्या कलमाने रान वाचलेलं मी तरी पाहिलं नाही.

गावाची तयारी फेब्रुवारीच्या मध्याआधी व्हायला हवी. वन विभाग जाळरेषा काढतो तशीच एक गावाभोवती असावी: पाचोळा झाडून, काही मीटर रुंद, खालची माती दिसेपर्यंत. कडब्याच्या आणि तणसाच्या गंज्या घरांपासून आणि एकमेकींपासूनही दूर. गोठ्याचं दार बाहेरून झटकन उघडेल असं. आग आली की गुरं सोडायची, बांधून ठेवून पाणी मारत बसायचं नाही. आग दुपारी दोन ते चार भडकलेली असते आणि रात्री हवेत ओलावा चढला की मंदावते, म्हणून विझवायला मोठ्या पहाटे जाणं शहाणपणाचं. वनरक्षक तेच करतात. भर दुपारी पोरांना फांद्या देऊन पाठवलंत तर आगीच्या आधी त्यांना उष्माघात गाठेल.

प्रश्न : आम्ही दोघं (वय ६८ आणि ६४) सांगलीचे. ऑगस्टमध्ये चार महिन्यांसाठी मुलीकडे, कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ जाणार आहोत. तिथल्या वणव्यांच्या बातम्या वाचून भीती वाटते.

उत्तर : आपला वणव्याचा हंगाम जूनच्या पावसाने संपतो. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा संपूर्ण कोरडा. त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा हंगाम ऐन भरात असेल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत चालेल. शरद ऋतूत आतल्या भागातून समुद्राकडे कोरडे, जोराचे वारे सुटतात तेव्हा सगळ्यात वाईट. सॅक्रामेंटोच्या उत्तरेला असलेलं पॅराडाइज हे गाव ८ नोव्हेंबर २०१८ला अशाच वाऱ्यात एका दिवसात जळालं. ८५ माणसं गेली.

मुलगी भर शहरात राहत असेल तर ज्वाळांपेक्षा धुराची शक्यता जास्त. धुराचे सूक्ष्म कण रुमालाने किंवा कापडी मास्कने अडत नाहीत. एन-९५ मास्क घट्ट बसवून लावावा लागतो. धूर असताना खिडक्या बंद, एसी आतलीच हवा फिरवेल असा. इथे एक पेच पडतो. तिथल्या संध्याकाळी गार असतात आणि सांगलीच्या सवयीने तुम्ही खिडक्या उघडायला जाल. आधी हवेच्या गुणवत्तेचा आकडा बघायचा, मग खिडकी. घरात एसी नसेल आणि ऊन व धूर दोन्ही एकदम आले तर सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसा. तिथे पुस्तकंही आहेत.

घर टेकडीच्या, झाडीच्या बाजूला असेल तर चार गोष्टी जास्त. घरं पेटतात ती बऱ्याचदा लांबून उडत आलेल्या निखाऱ्यांनी, म्हणून भिंतीलगतच्या पाच फुटांत वाळका पाला, लाकडाचा भुगा, पायपुसणीसुद्धा नको. छपराच्या पन्हाळीतला पाचोळा जावयाकडून काढून घ्या, तुम्ही शिडी चढू नका. स्थलांतराची सूचना दोन पायऱ्यांनी येते: आधी तयारीचा इशारा, मग निघण्याचा आदेश. वयस्कर माणसांनी आदेशाची वाट बघायची नाही, इशाऱ्यावरच निघायचं. पासपोर्ट, विम्याचे कागद, महिन्याभराच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका पिशवीत दाराशी ठेवा.

एक गोष्ट तिथे पोचल्या पोचल्या शिकून घ्या. जोराचा वारा असला की वीज कंपन्या तारांतून ठिणगी पडू नये म्हणून आपणहून वीज बंद करतात. मग गॅरेजचं विजेवरचं दार उघडत नाही आणि गाडी आत अडकते. २०१७च्या वणव्यांत वीज गेल्यावर दार न उघडल्याने माणसं गेली आणि त्यानंतर तिथे नव्या दारांना बॅटरी सक्तीची झाली. जुन्या दाराला आतून एक लाल मुठीची दोरी असते, ती ओढून दार हाताने उचलता येतं. जड असतं. मुलगी आणि जावई कामावर गेलेले असताना तुम्हा दोघांना ते उचलता येतं का, हे पहिल्याच आठवड्यात करून बघा. येत नसेल तर हंगाम संपेपर्यंत गाडी बाहेर लावायला सांगा.